कंटाळवाणा तो खरा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज पहाटे साडेपाचला सर्वोच्च न्यायालयाचं एक खंडपीठ बसतं. आधी सुप्रभात, मग गुलाबाचं फूल आणि त्याखाली 'सर्वोच्च न्यायालयाचा ऐतिहासिक निर्णय', हा क्रम ठरलेला. निर्णयाला खटल्याचं नाव नसतं, तारीख नसते, न्यायमूर्ती कोण तेही नसतं. असतात ती तीन उद्गारचिन्हं आणि 'प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा' हा आदेश. खऱ्या न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी व्हायला वर्षं जातात. या आदेशाची साडेपाच वाजून एक मिनिटाने होते.

दुसऱ्या मजल्यावरचे काका या खंडपीठाचे कायमचे सदस्य. बँकेतून निवृत्त, राहायला एक फ्लॅट आणि भाड्याने द्यायला एक. 'भाडेकरू सलग बारा वर्षं राहिला की घर त्याच्या मालकीचं' हा निर्णय गटावर उतरला त्या सकाळी मात्र काका स्वतःच हादरले. त्यांचा भाडेकरू लातूरकडचा, आयटीत कामाला असलेला एक गरीब स्वभावाचा मुलगा, आणि त्याची राहून नऊ वर्षं झालेली. त्या दिवसापासून काका त्याच्याकडे संशयाने बघायला लागले. त्याने गॅलरीत तुळस लावली, तर म्हणाले, "बघा, मुळं धरतोय." दर अकरा महिन्यांनी त्याला दोन दिवस लॉजवर पाठवायचं आणि तेवढे दोन दिवस आपण तिथे जाऊन झोपायचं, अशीही एक योजना त्यांनी काकूंपुढे मांडली. काकूंनी विचारलं, "गादी कोण नेणार?" योजना तिथेच बारगळली.

आता या निर्णयाच्या मुळाशी काहीच नाही असं नाही, तीच तर पंचाईत आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टात पासष्टावा अनुच्छेद आहे आणि त्यात बारा वर्षं आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात असं सांगितलं, की ज्याचा विरोधी कब्जा बारा वर्षांनी पक्का झाला, त्याला त्या हक्कासाठी स्वतःहून दावाही लावता येतो. इथपर्यंत खरं. पण कब्जा 'विरोधी' हवा. म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघड उघड, अखंड. भाडेकरू राहतो मालकाच्या परवानगीने. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं पाठवतो आणि सहा तारखेला फोन करून सांगतो, "काका, गिझर चालत नाहीये." विरोधी कब्जेदार गिझरची तक्रार करत नाही. एवढी एकच ओळ त्या संदेशातून गळाली होती, आणि कायदा नेमका त्या ओळीत होता.

मग काकांनी मोर्चा यूट्यूबकडे वळवला. तिथे दिल्लीकडचे एक वकीलसाहेब लाल बाण, पिवळी अक्षरं आणि उघडं तोंड अशा थाटात सांगत होते, की अकरा महिन्यांचा करार करा, नोंदणीची कटकटच नाही. साहेब खोटं बोलत नव्हते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट चालते. पण काकांचा फ्लॅट दिल्लीत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं, की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, आणि मुदत अकरा महिने असो की एक. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरं. भाडेकरूला घाबरून काकांनी जो उपाय शोधला होता, त्याने सगळे पत्ते भाडेकरूच्या हातात गेले असते.

शेवटी एजंट घरी आला. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. भाडेकरूचा अंगठा एका झटक्यात उठला, काकांचा काही उठेना. "काका, बोट पुसा." पुसलं. "जरा दाबून." दाबलं. "दुसरं बोट बघू." चाळीस वर्षं नोटा मोजून काकांच्या बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. काकूंनी खोबरेल तेलाची बाटली आणली, एजंटने ती नम्रपणे परत केली, आणि अखेर डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने महाराष्ट्र शासनाला काकांची ओळख पटवून दिली.

या सगळ्या प्रकारातून माझी एक समजूत पक्की झाली. इंटरनेटवर कायद्याची फुकट माहिती भरपूर आहे, आणि ती जितकी कंटाळवाणी तितकी खरी. वाचताना आनंद झाला, उत्साह वाटला, भावाला लगेच पाठवावीशी वाटली, तर सावध व्हावं. वाचताना तिसऱ्या ओळीला जांभई आली, 'परंतु असे की' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य पान उलटलं तरी संपेना, तर आपण योग्य ठिकाणी पोहोचलो आहोत.

त्या दृष्टीने केंद्र सरकारचं 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ अव्वल दर्जाचं कंटाळवाणं आहे. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे तिथे कलमवार वाचता येतात, पैसे पडत नाहीत, आणि कोणी तोंड उघडं टाकून आपल्याकडे बघत नाही. राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे महाराष्ट्राचे अधिनियम मराठीतही आहेत. ते मराठी वाचल्यावर बरेच जण इंग्रजीकडे परततात, तो भाग वेगळा. पूर्वी यासाठी अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक विकत आणावं लागे आणि आणेपर्यंत त्यात दुरुस्ती झालेली असे.

निवाड्यांसाठी 'इंडियन कानून'. सुशांत सिन्हा यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं आणि आज वकीलही गुपचूप तेच उघडतात. निवाडा असा फुकट छापता येतो का, असा प्रश्न पडला तर त्याचंही उत्तर निवाड्यातच आहे. कॉपीराइट कायद्यात मुळातच न्यायालयाचा निकाल छापायला मोकळीक आहे. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा नीट सांगितलं: निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, प्रकाशकाने स्वतःची अक्कल लावून घातलेल्या टिपा तेवढ्या प्रकाशकाच्या. सर्वोच्च न्यायालय स्वतःही जानेवारी २०२३ पासून आपले प्रसिद्ध निकाल फुकट देतं. त्यातल्या काहींचं मराठी भाषांतर मिळतं, आणि त्या भाषांतराखाली लिहिलेलं असतं, की हे तुम्हाला समजावं एवढ्यापुरतंच आहे, प्रमाण इंग्रजीच. म्हणजे समजून घ्या, पण त्यावर विसंबू नका.

मात्र मराठी माणूस निवाडा शोधतो तो कायदा काय आहे हे कळावं म्हणून नाही. आपण बरोबर आहोत हे त्याला आधीच माहीत असतं. फक्त न्यायालयाचाही दुजोरा हवा असतो. माझ्या एका मित्राच्या घरी वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीची बैठक होती. दोन भाऊ, एक बहीण, आणि तिघांच्या हातात एकेक छापील निवाडा. थोरल्याकडे २०१५ चा, प्रकाश विरुद्ध फुलवती: ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असतील तरच मुलीला वाटा. वडील २००३ ला वारलेले. थोरला शांत बसून चहा पीत होता. धाकट्याला बहिणीची कणव, आणि थोरल्याशी त्याचं बांधावरून जुनं भांडण, त्यामुळे त्याने २०१८ चा दानम्मा खटला आणला होता, ज्यात वडील आधी वारूनही मुलींना वाटा मिळाला. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोन्ही दोन न्यायमूर्तींचे. बैठक रंगली. इतकी, की शेजारचे चुलते आपली १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती घेऊन येऊन बसले, ज्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. त्यांना वाटा नको होता, त्यांना फक्त बोलायचं होतं.

बहीण बँकेत हिशेबतपासणीला. ती शेवटी बोलली. तिच्या हातात ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा खटला होता, तीन न्यायमूर्तींचा. हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या तेवढ्या तशाच राहतील. २०१५ चा निकाल त्यात नावानिशी मोडीत काढला होता. थोरला म्हणाला, "पण माझाही सर्वोच्च न्यायालयाचाच आहे!" तो होताच. कागद खरा होता, शिक्का खरा होता. तो फक्त मेला होता, आणि इंटरनेटवर मेलेल्या निवाड्याला हार घालायची पद्धत नाही. 'इंडियन कानून'वर निवाडा उघडला की त्याचा हवाला पुढे कुठे कुठे दिला गेला ती यादी दिसते. ती उघडून नंतरच्या मोठ्या खंडपीठाने काय म्हटलंय ते बघावं लागतं. हे काम अर्थातच कंटाळवाणं आहे. बहिणीने ते केलं होतं. तिचा धंदाच तो.

कलमांचंही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि १८६० च्या दंड संहितेची ५११ कलमं ३५८ वर आली. म्हणजे चारशेवीस हे कलम नव्या संहितेत शिल्लकच नाही. फसवणूक गेली ३१८ मध्ये. पण "तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे" असं म्हणून बघा, ऐकणाऱ्याला तुमचाच संशय येईल. तीनशेदोन तर फारच भलतीकडे गेलंय. खून आता १०३ मध्ये आहे आणि ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. आमच्या काकांनी वरच्या मजल्यावरून पाणी टाकणाऱ्याला "तीनशेदोनमध्ये आत घालीन" असा दम दिला होता. जुन्या संहितेने बघा किंवा नव्या, पाणी दोन्हींत बसत नाही. जुन्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते, त्यामुळे जुनी पानंही नेटवरून काढून टाकता येत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात आणि शोधणाऱ्याच्या समोर आधी येतं ते बहुधा जुनं.

आणि तळटीप! पालघरमध्ये २०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरून रद्द झालं. तरीही देशात त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये हे पुन्हा न्यायालयासमोर आलं तेव्हा सरकारच्या बाजूने खुलासा असा झाला, की पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं, ते रद्द झाल्याचं तळटिपेत दिलेलं असतं. म्हणजे सहा वर्षं माणसाचं स्वातंत्र्य बारीक टायपात होतं. पोलीस ठाण्यातला चष्मा बहुधा जवळच्या नंबरचा नसावा.

शासन निर्णय हा आणखी एक प्रांत. जीआर उघडला की आधी 'वाचा' या शीर्षकाखाली दहा जुन्या जीआरांची यादी, मग प्रस्तावना, मग मुद्दा, आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने एका कक्ष अधिकाऱ्याची सही. मुद्दा शोधायला चिकाटी लागते, पण तो असतो. आमच्या खजिनदारांनी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मनाला येईल ते बिगरभोगवटा शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा काकांनी पहिल्यांदाच एक कंटाळवाणा कागद काढला: १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येणार नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. खजिनदार म्हणाले, "हा कुठून आणलात? आमच्या ग्रुपवर तर आला नाही." गटावर येणारही नाही. त्यात उद्गारचिन्ह नाही.

फुकटच्या मर्यादाही सरकार प्रामाणिकपणे सांगतं. ऑनलाइन सातबारा फुकट दिसतो, पण तो बघण्यापुरता, कचेरीत चालत नाही. चालणारा, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांना मिळतो. वकिलांचा प्रामाणिकपणा आणखी वरच्या पट्टीतला. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणून मोठ्या वकील मंडळींच्या संकेतस्थळावर गेलं, की आधी एक चौकट आडवी येते: मी इथे माझ्या मर्जीने आलो आहे, मला कोणी बोलावलेलं नाही, इथलं काही म्हणजे सल्ला नव्हे. 'मान्य आहे' म्हटल्याशिवाय आत सोडत नाहीत. न बोलावता आल्याचं पाहुण्याकडूनच लिहून घेणारी ही पद्धत पुण्याबाहेरही इतकी पसरली याचा मला अभिमान आहे.

हल्ली मात्र काका यातलं काही उघडत नाहीत. त्यांच्या नातवाने फोनवर चॅटबॉट घालून दिलाय. प्रश्न विचारला की आधी "तुम्ही अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे" असं येतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत काकांना असं कोणी म्हणालं नव्हतं. तिथेच ते अर्धे जिंकले गेले. पुढे खटल्याचं नाव, वर्ष, परिच्छेद क्रमांक, सगळं सुबक. एवढं सुबक बघूनच मला शंका येते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका मुरलेल्या वकिलाने असेच खटले न्यायालयात सादर केले. ते खरे आहेत ना, असं त्याने खुद्द चॅटबॉटलाच विचारलं होतं, आणि त्याने "हो, खरे आहेत" असं सांगितलं होतं. त्यातले सहा बनावट निघाले. पाच हजार डॉलर दंड बसला. आरोपीलाच साक्षीदार म्हणून बोलावण्याचा हा प्रकार. आपल्याकडेही २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करनिर्धारणेचा एक आदेश रद्द केला, कारण आयकर खात्याने आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. काकांना मी एवढंच सुचवलं, की चॅटबॉट देईल ते नाव 'इंडियन कानून'वर टाकून बघा. त्यांनी टाकलं. सापडलं नाही. काका म्हणाले, "वेबसाइट अपडेट नसेल."

माहिती कितीही मिळाली तरी एका टप्प्याला माणूसच लागतो, तो माणूसही फुकट मिळतो, आणि हेच नेमकं गटावर कधी कोणी पाठवत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली जिल्ह्याला आणि तालुक्याला विधी सेवा कार्यालयं आहेत, बहुतेक न्यायालयाच्या आवारातच. १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे. कलम १२ मध्ये फुकट वकील कोणाला, ती यादी आहे: अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, मुलं, स्त्रिया वगैरे. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आहे.

हे मी काकांच्या घरी बसून सांगत होतो. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"म्हणजे मला मिळेल? आमच्या नावावर एवढं असताना?"

"मिळेल. स्त्री असणं पुरे आहे."

"कोणाविरुद्धही?"

"कोणाविरुद्धही."

काकूंनी गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर नंबर लिहून घेतला आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला उत्पन्नाची मर्यादा आहे."

"पेन्शन धरून?"

"पेन्शन धरून. आणि भाडंही."